अंतर आणि दिशा

स्नेहलतागंजातील एखाद्या सरळ रस्त्यावर नवखा वाटसरू थांबतो आणि कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारतो, “दवाखाना येथून किती लांब आहे हो?” दुकानदार हातातले काम न थांबवता सांगतो, “असेल दीडशे पावलांवर.” उत्तर खरे आहे, पण तेवढ्याने वाटसरूचे भागत नाही. तो लगेच दुसरा प्रश्न करतो, “पण कोणत्या बाजूला?” नुसते अंतर कळून माणूस ठिकाणावर पोचत नाही आणि नुसती दिशा कळली तर कोठे थांबावे हे त्याला समजत नाही. ही गोष्ट रस्त्यावर कोणालाही शिकवावी लागत नाही. नवल असे, की हाच रस्ता कागदावर उतरला आणि त्याला ‘संख्यारेषा’ असे नाव मिळाले, की भलेभले हुशार विद्यार्थी तो दुसरा प्रश्न विचारायचे विसरतात.

इंदूर हे आज परीक्षांचे शहर झाले आहे. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचे कार्यालय येथेच आहे. १९९६ साली स्थापन झालेली भारतीय प्रबंध संस्था राऊच्या बाजूला टेकडीवर उभी आहे. भंवरकुआँच्या परिसरात तर शिकवणीवर्गांच्या पाट्यांआड इमारती दिसेनाशा झाल्या आहेत. माळव्यातील आणि निमाडातील गावांतून आलेली मुले भाड्याच्या खोल्यांत राहून एकेका परीक्षेसाठी वर्ष-दोन वर्षे घालवतात. या मुलांपुढे येणाऱ्या अंकगणिताच्या प्रश्नपत्रिकांत संख्यारेषेवरील अंतराचा प्रश्न नाना वेश घेऊन हजर होतो. कधी तो बिंदूंचा असतो, कधी दोन उभ्या रेघांत कोंडलेल्या अक्षराचा, तर कधी रस्त्यावरच्या घरांचा. प्रश्न दोन ओळींचा असतो. त्यात मोठा गुणाकार नसतो, भागाकार नसतो, पाठ करावे असे सूत्रही नसते. पुष्कळ विद्यार्थी त्याला ‘सोपा’ म्हणून घाईने हातावेगळा करतात, आणि नेमके तेथेच फसतात.

फसण्याची किंमत किती, हेही संख्यारेषेवरच मोजता येते. प्रबंध संस्थांच्या ‘कॅट’ या प्रवेशपरीक्षेत पर्याय दिलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले तर ३ गुण मिळतात, चुकले तर १ गुण कापला जातो आणि प्रश्न सोडून दिला तर शून्य. उत्तर चुकल्यावर विद्यार्थी हळहळतो, “तीन गुण गेले!” कोणी जरा अधिक विचार करणारा असेल तर तीनातून एक वजा करून “दोनांचा फरक पडला” असे म्हणतो. दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. बरोबर उत्तर देणारा शून्याच्या उजवीकडे तीन घरे जाऊन उभा आहे. चुकीचे उत्तर देणारा शून्याच्या डावीकडे एक घर मागे गेला आहे. दोघांमधले अंतर तीनही नव्हे, दोनही नव्हे, तर चार आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील दुसऱ्या पत्रिकेत ८० प्रश्नांना २०० गुण असतात, म्हणजे प्रत्येकी अडीच गुण. चुकीला त्याचा एकतृतीयांश, म्हणजे सुमारे ०.८३ गुण वजा होतो. तेथे बरोबर आणि चूक यांमध्ये ३.३३ गुणांची दरी पडते. त्या पत्रिकेत ३३ टक्के गुण मिळाले नाहीत, तर पहिल्या पत्रिकेतील गुण कितीही चांगले असोत, उमेदवार मुख्य परीक्षेला पोचत नाही. एका चिन्हाच्या विसराने एखाद्याचे वर्ष जाऊ शकते, ते असे.

ज्या श्रोत्याच्या हाताशी कागद असेल त्याने त्यावर एक आडवी रेघ ओढावी. नसेल त्याने आपल्या घरासमोरचा रस्ता डोळ्यांपुढे आणावा. रस्ता पूर्व-पश्चिम आहे आणि मधल्या चौकात शून्य लिहिले आहे असे समजावे. चौकाच्या पूर्वेकडील घरांना अनुक्रमे १, २, ३ असे क्रमांक द्यावेत आणि पश्चिमेकडील घरांना उणे १, उणे २, उणे ३ असे. आता एक विद्यार्थी ५ या घरात राहतो आणि दुसरा उणे ७ या घरात. एकाच्या घरून दुसऱ्याकडे जायला किती घरे ओलांडावी लागतील? पहिला चौकात येईपर्यंत पाच, चौकातून पुढे सात, एकूण बारा. रस्त्यावर चालणाऱ्याला यात शंका येणार नाही. पण हाच प्रश्न ‘५ आणि −७ या बिंदूंमधील अंतर काढा’ अशा शब्दांत आला, की हात आपोआप सातातून पाच वजा करून दोन लिहून मोकळा होतो. त्या घाईत ऋणचिन्हाकडे, म्हणजे त्या घराच्या पत्त्याकडेच, दुर्लक्ष झालेले असते.

नियम एवढाच आहे, की दोन स्थानांपैकी उजवीकडच्या स्थानाच्या संख्येतून डावीकडच्या स्थानाची संख्या, तिच्या चिन्हासकट, वजा करावी. ५ मधून उणे ७ वजा केले म्हणजे ५ अधिक ७, अर्थात् १२. दोन्ही स्थाने शून्याच्या एकाच बाजूला असली तर ही अडचण जाणवत नाही. आग्रा-मुंबई रस्त्याने जाणारा प्रवासी मैलाच्या दगडांवरचे आकडे पाहून मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि त्याचे उत्तर कधी चुकत नाही. कारण रस्त्याची मोजणी एका टोकापासून होते आणि शून्य प्रवासाच्या मध्ये येत नाही. घोटाळा सुरू होतो तो शून्य दोन्ही स्थानांच्या मध्ये येते तेव्हा. थंडीच्या दिवसांत हिमालयातील एखाद्या गावी दुपारी पारा ४ अंशांवर असून रात्री उणे ९ अंशांवर उतरला, तर तो तेरा अंशांनी उतरला. पण वर्तमानपत्र वाचता वाचता ‘पाच अंशांचा फरक’ असे म्हणून जाणारा वाचक काही दुर्मीळ नाही.

शून्य कोठे मानावे हा प्रश्नही या प्रदेशाला नवा नाही. इंदुरापासून पन्नासएक किलोमीटरांवर असलेली उज्जयिनी ही प्राचीन भारतीय ज्योतिषाची शून्यरेखा होती. सूर्यसिद्धान्तासारख्या ग्रंथांत लंकेपासून मेरूपर्यंत जाणारी जी मध्यरेखा मानली आहे, ती अवंतीवरून जाते. एखादे गाव त्या रेखेपासून किती योजने दूर आहे ते मोजून त्यावरून ग्रहगणितात दुरुस्ती करावी लागे. तिला देशांतर-संस्कार म्हणत. यातील मर्म असे, की रेखेच्या पूर्वेस दहा योजने आणि पश्चिमेस दहा योजने असलेल्या दोन गावांचे रेखेपासूनचे अंतर एकच, दुरुस्तीचे मापही एकच. पण पूर्वेकडच्या गावासाठी ती वजा करायची आणि पश्चिमेकडच्या गावासाठी मिळवायची. अंतर तेच, दिशा उलटी, आणि म्हणून चिन्ह उलटे. ज्योतिष्याने बाजू लक्षात न घेता नुसती योजने धरली तर त्याची चूक नुसत्या दुरुस्तीएवढी न राहता तिच्या दुप्पट होई. स्वतः इंदूर जवळजवळ उज्जयिनीच्या थेट दक्षिणेस असल्यामुळे येथल्या गणकाला हा संस्कार करण्याचे काम फारसे पडले नसते. दोन्ही शहरांच्या स्थानिक मध्यान्हांत अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत नाही.

धन आणि ऋण या संख्यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात दिले. तेथे ऋण म्हणजे कर्ज आणि धन म्हणजे पदरचा पैसा, हा व्यवहारातला अर्थ मूळ शब्दांतच आहे. पण ऋण म्हणजे ‘उलट दिशा’ हा भूमितीतला अर्थ ज्या ठिकाणी लख्ख दिसतो, ते ठिकाण भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा आणि लीलावती ११५० सालची. खानदेशात चाळीसगावाजवळ पाटण येथे त्यांच्या घराण्याची हकीकत सांगणारा शिलालेख आहे. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापला होता. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. लीलावतीतील एक उदाहरण मात्र शिलालेखाइतके प्रसिद्ध नाही. परीक्षार्थ्याच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे म्हणावे लागेल.

उदाहरण त्रिकोणाचे आहे. त्रिकोणाची भूमी, म्हणजे पाया, ९ आहे. एक भुज १० आणि दुसरा १७. शिरोबिंदूपासून पायावर लंब टाकला तर तो पायाचे जे दोन भाग करतो त्यांना आबाधा म्हणत. त्या आबाधा किती, असा प्रश्न आहे. श्रोत्याने पाया आपल्या संख्यारेषेवर ठेवावा. डावे टोक शून्यावर, उजवे टोक ९ वर. शून्याच्या टोकाशी १० लांबीचा भुज आहे, ९ च्या टोकाशी १७ लांबीचा. लंब शून्य आणि नऊ यांच्या मध्ये कोठे तरी पडेल असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. कृती नेहमीचीच करायची. १७ च्या वर्गातून १० चा वर्ग वजा केला की २८९ उणे १००, म्हणजे १८९ राहतात. त्यांना ९ ने भागले की २१ येतात. दोन आबाधांची बेरीज ९ आणि वजाबाकी २१. म्हणून ९ आणि २१ यांच्या बेरजेचे अर्ध १५ ही एक आबाधा, आणि ९ मधून २१ वजा करून त्याचे अर्ध, उणे ६, ही दुसरी.

आबाधा उणे ६! जमिनीचा तुकडा ऋण कसा असेल? एखादा घाबरट गणिती येथे थांबून उदाहरणच चुकले असे ठरवता, नाहीतर चिन्ह पुसून ६ लिहिता. भास्कराचार्य यांपैकी काहीच करीत नाहीत. आबाधा ऋण आली याचा अर्थ ती उलट दिशेला आहे, एवढेच ते सांगतात आणि पुढे जातात. लंब पायावर पडतच नाही. तो पायाच्या डाव्या टोकाच्या बाहेर, शून्याच्या पलीकडे सहा घरांवर पडतो. तेथून शून्यापर्यंत अंतर ६, आणि नवापर्यंत अंतर ९ वजा उणे ६, म्हणजे १५. ताळा पाहावा. १० च्या वर्गातून ६ चा वर्ग वजा केला की ६४. १७ च्या वर्गातून १५ चा वर्ग वजा केला तरी ६४. दोन्हीकडून लंब ८ येतो आणि क्षेत्रफळ ९ गुणिले ८ भागिले २, म्हणजे ३६. ज्याने चिन्ह पुसून लंब धन ६ वर टाकला त्याच्या त्रिकोणात लंबापासून उजव्या टोकापर्यंत ३ च घरे उरतात. मग ८ च्या वर्गात ३ चा वर्ग मिळवून ७३ होतात, आणि १७ चा वर्ग तर २८९ आहे. त्याचा त्रिकोण मिटतच नाही.

युरोपात ऋण संख्या रेषेवर चालवून दाखवण्याचा मान सामान्यतः जॉन वॉलिस या इंग्रज गणितीला देतात. १६८५ साली प्रसिद्ध झालेल्या बीजगणितावरील ग्रंथात त्याने एक माणूस सरळ वाटेवर पुढे चालवला, मग त्याहून अधिक मागे आणला, आणि निघाल्या जागेच्या मागे तो तीन यार्डांवर उभा आहे याचेच नाव उणे ३, असे समजावले. भास्कराचार्यांची उलट दिशेची आबाधा त्याच्या पाच शतके आधीची आहे. अर्थात् दोघांत कोणी कोणाचे उसने घेतले, असा वाद घालण्याचे कारण नाही. रस्त्यावरच्या माणसाला जे दिसते तेच दोघांनी पाहिले.

अंतराला दिशा नसते, ते कधीच ऋण नसते, हे दाखवण्यासाठी दोन उभ्या रेघांचे चिन्ह वायरश्ट्रास या जर्मन गणितीने १८४१ साली वापरले. मराठी शाळांत त्याला केवलमूल्य म्हणतात. येथे शिकवणीवर्गांतील एका वाईट खोडीविषयी बोलणे भाग आहे. ‘दोन रेघांच्या आत ऋण असेल तर चिन्ह बदला, धन असेल तर तसेच ठेवा’ असा मंत्र विद्यार्थ्याकडून घोकून घेतात. मंत्र खोटा नाही. पण त्याने विद्यार्थी आंधळा होतो. |क्ष − ३| ही खूण पाहताच त्याच्या मनात ‘क्ष आणि ३ यांमधील अंतर’ असे शब्द उमटले पाहिजेत. मग |क्ष − ३| = ५ हा प्रश्न सोडवण्याजोगा उरतच नाही; तो नुसता वाचायचा राहतो. तीन क्रमांकाच्या घरापासून पाच घरांवर कोण राहतो? उजवीकडे ८, डावीकडे उणे २. घाईचा विद्यार्थी आठावर थांबतो, कारण वाटसरूचा दुसरा प्रश्न त्याने विचारलेला नसतो.

|क्ष + ३| असे दिसले तर अधिकचे चिन्ह पाहून पुष्कळजण गोंधळतात. अंतर म्हणजे वजाबाकी. तेव्हा अधिक ३ चे रूपांतर ‘वजा उणे ३’ असे करून घ्यावे. म्हणजे ते उणे ३ पासूनचे अंतर ठरते. तसेच |क्ष − ५| हे ३ पेक्षा लहान आहे असे म्हटले, तर पाच क्रमांकाच्या घरापासून तीन घरांच्या आतले सगळे, म्हणजे २ आणि ८ यांच्या मधले. ३ पेक्षा मोठे म्हटले तर त्या पट्ट्याच्या बाहेरचे, दोन्ही बाजूंचे. ‘क्ष हा उणे २ पेक्षा ४ ला अधिक जवळ आहे’ अशी अट असेल तर उणे २ आणि ४ यांचा मध्यबिंदू १ काढावा. त्याच्या उजवीकडचा प्रत्येक बिंदू ती अट पाळतो. बीजगणिताने हेच करायला वर्ग करून अर्धे पान लागते.

आता परीक्षकांच्या आवडीचा प्रश्न. ‘क्ष चे २ पासूनचे अंतर आणि १० पासूनचे अंतर यांची बेरीज १४ आहे, क्ष किती?’ दोन घरांमध्ये ८ घरांचे अंतर आहे. क्ष त्या दोहोंच्या मध्ये कोठेही असला तरी एका घरापासूनचे अंतर जितके वाढते तितके दुसऱ्यापासूनचे कमी होते, आणि बेरीज ८ च राहते. ती १४ व्हायची तर क्ष ला बाहेर पडावे लागेल. बाहेर एक घर सरकले की बेरीज दोनांनी वाढते. ६ वाढायला हवेत, म्हणून तीन घरे बाहेर. उजवीकडे १३, डावीकडे उणे १. आता याच प्रश्नात १४ ऐवजी ८ घातले तर २ पासून १० पर्यंतचा प्रत्येक बिंदू उत्तर ठरतो. आणि ६ घातले तर एकही नाही. एक आकडा बदलून परीक्षक ‘दोन उत्तरे’, ‘असंख्य उत्तरे’ आणि ‘उत्तर नाही’ असे तीन निराळे प्रश्न तयार करतो, आणि सूत्र पाठ करून आलेला विद्यार्थी तिन्हींना सारखाच सामोरा जातो.

घरे तीन झाली म्हणजे आणखी मौज येते. १, ४ आणि ११ या क्रमांकांच्या घरांत तीन विद्यार्थी राहतात. रोज संध्याकाळी एकत्र अभ्यास करायचा तर कोठे जमावे, की तिघांची मिळून चाल सगळ्यात कमी होईल? बहुतेकांना सरासरी सुचते. १, ४, ११ यांची बेरीज १६, तिचा तिसरा हिस्सा सव्वापाचाच्या थोडा पुढे. तेथे जमले तर तिघांची मिळून चाल सुमारे ११.३३ घरे होते. पण मधल्याच्या घरी, चार क्रमांकावर जमले तर पहिला तीन घरे चालतो, तिसरा सात, मधला घरीच, एकूण १०. याहून कमी होणे शक्य नाही, कारण पहिल्या आणि तिसऱ्या यांना मिळून १० घरे चालल्यावाचून भेटताच येणार नाही आणि मधल्याला शून्याहून कमी चालता येणार नाही. आता तिसरा विद्यार्थी ११ क्रमांकाची खोली सोडून १०० क्रमांकाच्या घरी राहायला गेला तरी जमण्याची जागा बदलत नाही, ती चारच. त्या बिचाऱ्याला हे फार अन्यायाचे वाटेल, आणि ते खरेही आहे. पण प्रश्न एकूण चाल कमी करण्याचा आहे, ती सारखी वाटून देण्याचा नाही. प्रश्न काय विचारला आहे ते शब्दशः वाचण्याची सवय येथे उपयोगी पडते.

अंतरांच्या गुणोत्तराचा प्रश्नही असाच दुहेरी असतो. ‘एका बिंदूचे ३ पासूनचे अंतर हे त्याच्या ९ पासूनच्या अंतराच्या दुप्पट आहे.’ बिंदू मध्ये असेल तर मधली सहा घरे चार आणि दोन अशी वाटली जाऊन तो ७ वर येतो. पण तो ९ च्या पलीकडेही असू शकतो. १५ वर उभे राहिले की ३ पासून बारा आणि ९ पासून सहा. दिलेल्या पर्यायांत ७ आणि १५ हे दोन्ही असतील, आणि ‘दोन्ही शक्य’ असा तिसरा पर्यायही असेल, तर परीक्षकाने सापळा कोठे लावला आहे ते उघड आहे.

पण सर्वांत जास्त बळी घेणारा सापळा आकड्यांचा नसून अक्षरांचा असतो. ‘अ, ब, क हे एका रेषेवरील बिंदू आहेत. अ पासून ब चे अंतर ६, ब पासून क चे अंतर ४. अ पासून क चे अंतर किती?’ वाचणाऱ्याच्या मनात अ, ब, क हे बिंदू त्याच क्रमाने रेषेवर जाऊन बसतात आणि तो १० असे उत्तर देतो. ब मध्ये आहे असे त्याला कोणी सांगितले? वर्णमालेने सांगितले, प्रश्नाने नव्हे. ब पासून क पुढे असेल तर अंतर १०, मागे असेल तर २. ‘दिलेली माहिती पुरेशी आहे काय’ अशा धर्तीच्या प्रश्नांत याचे उत्तर ‘नाही’ असे असते, आणि तेथे १० चा हिशेब अचूक करणाराही गुण गमावतो.

याच प्रश्नात चौथा बिंदू ड घातला आणि क पासून ड चे अंतर ३ आहे असे सांगितले, तर अ पासून ड चे अंतर किती प्रकारचे संभवते? अ ला शून्यावर ठेवावे आणि ब ला ६ वर. क साठी पुढे चार किंवा मागे चार, आणि तेथून ड साठी पुढे तीन किंवा मागे तीन. दोन्ही वेळा पुढे गेले तर ड येतो १३ वर. आधी पुढे मग मागे, तर ७ वर. आधी मागे मग पुढे, तर ५ वर. आणि दोन्ही वेळा मागे गेले तर ६ उणे ४ उणे ३, म्हणजे उणे १ वर. येथे विद्यार्थी अडतो. अंतर ऋण कसे असेल म्हणून तो ही चौथी शक्यता खोडतो आणि तीनच उत्तरे लिहितो. भास्कराचार्यांच्या लंबाप्रमाणे ड सुद्धा निघाल्या जागेच्या पलीकडे, चौकाच्या पश्चिमेला एका घरावर जाऊन उभा आहे. त्याचे अंतर १ आहे, आणि शक्य अंतरे चार आहेत.